वडवणीची सोयरीक आणि माझ्या पोटातल्या कळा

कार्तिक वद्य २, शके १८४१

परत बाहेर बसले! परवाच तर डोक्यावरून न्हाऊन आत आले होते. दोन दिवस भाकरी थापल्या, आणि आज सकाळी जात्यावर बसल्या बसल्या ओटीपोटात अशी कळ आली की खुंटाच हातातून सुटला. आत्याबाईंनी माझं तोंड पाहिलं. काय झालं म्हणून विचारलंही नाही.

"ऊठ वच्छला. बाहेर हो. कशाकशाला शिवशील!"

मी म्हटलं, आत्याबाई, अजून काही आलं नाही, नुसतं दुखतंय.

"दुखतंय म्हंजी येनारच की. काय दवंडी पिटून येतं व्हय?"

दिवस कलला. आलं नाही. कापड कोरडं ठणठणीत! पण सासूनं एकदा बाहेर काढलेली सून चार दिवस झाल्याशिवाय आत येत नाही, ही या घरची रीत. बसले गोठ्याजवळच्या पडवीत. समोरून रस्ता. येणारा जाणारा बघतो — पाटलाची सून बसली बघा परत!

विटाळात वही-दौतीला शिवू नये म्हणतात. शिवले. सरस्वतीला राग आला असेल तर तिनं येऊन मला सांगावं. आबांनी इतक्या हौसेनं लिहायला शिकवलं ते काय पापडाची यादी करायला? आबा, माझे वडील, इंग्रजी मुलखात, नगरकडे मास्तर. मला दिलं इथे मोगलाईत, निजामाच्या मुलखात, तेलगावच्या पलीकडे. लग्नाला पाच वर्षं झाली. पोर नाही. बस, एवढीच माझी हकिगत.

कार्तिक वद्य ३

सकाळपासून पाच वेळा परसाकडे. ओकारी झाली ती हिरवट. पाळीत असं कुठं होतं!

कार्तिक वद्य ४

आज पोट एकदम शांत. जसं काही झालंच नव्हतं.

छबुबाई मातीच्या परळात भाकरी घेऊन आली. ही आमच्याकडे धुण्याभांड्याला असते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, पण मला मालकीन म्हणते. लांबून परळ सरकवला आणि जाईना. पदराशी चाळा करत उभी.

म्हटलं, काय गं?

"मालकीन, सांगावं का न्हाई कळंना."

"सांग की बाई."

"वडवणीची मानसं आलती काल. मालकाला पोरगी सांगून आलीया."

कोणत्या मालकाला, असं विचारलं मी! इतकी बावळट! या घरात मालक एकच. माझा नवरा.

छबुबाई खाली बघत सगळं बोलून गेली. गावात बाया काय म्हणतात ते. ही महिन्यातून दोन-दोनदा बसती, हिची कूसच नासलीया, हिला कुठलं पोर! भाद्रपदापासून मोजलंय म्हणे त्यांनी. मी इथे पडवीत बसते आणि गाव बोटं मोजतं! मुलीचं नाव सत्यभामा. मार्गशीर्षात दशमीला सुपारी फोडायला येणार आहेत.

 भाकरी तशीच राहिली. कावळ्यानं नेली.

अगं पण मी दोनदा बसत नाही गं! मला दोनदा बसवतात!

कार्तिक वद्य ५

हे गोठ्यात बैल सोडायला आले तेव्हा लांबूनच विचारलं. खरं का वडवणीचं?

यांनी बैलाच्या वशिंडावर हात फिरवला. फिरवतच राहिले. मग म्हणाले, "आई म्हनंल तसं."

आई म्हणेल तसं! पाच वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. लुगडं कोणतं, आई म्हणेल तसं. माहेरी कधी, आई म्हणेल तसं. आता बायको किती, तेही आई म्हणेल तसं!

पण वाईट नाहीत हो. कधी हात उगारला नाही. आईपुढे तोंड उघडत नाहीत, एवढंच. खरा राग आत्याबाईंचा येतो. त्या बाईनं ठरवलंच आहे.

कार्तिक वद्य ६

न्हाले. आत आले. आत्याबाईंनी गीताबाई सुईणीला बोलावून ठेवलं होतं. तिनं मला आडवं पाडून पोट असं चेपलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "कूस सरकलीया." औषध — आंबट ताक, त्यात ओवा, सात दिवस अनशापोटी. लगेच एक भांडंभर प्यायले. ताक भगुन्यातलंच, काल संध्याकाळपासून ठेवलेलं. चांगलं आंबट झालं होतं.

कार्तिक वद्य ९

कळा सुरू. पण आज तोंडातून हूं की चूं केलं नाही! कळलं तर परत पडवी, परत गाव मोजणार. ओठ चावून वीस भाकरी थापल्या. एक कळ आली तेव्हा तव्याला हात टेकला, चांगला भाजला. आत्याबाईंनी विचारलं तर म्हटलं वाफ लागली.

दुपारी परसात जाऊन बाभळीला धरून ओकले. छबुबाईही तिथेच वाकलेली! म्हणाली, "माझंबी त्येच मालकीन. कवाधरनं. आपल्या बायांचं नशीबच असलं."

दोघींनी एकाच लोट्यातून चुळा भरल्या. कोण बघतंय!

कार्तिक वद्य ११

आज खरंखुरं आलं. पडवीत आहे. या खेपेला हक्कानं बसले म्हणायचं.

आणि आज एक गोष्ट लक्षात आली, ती इतकी मोठी की स्वस्थ बसवेना! ही कळ वेगळी आहे. अगदीच वेगळी. पाळीची कळ कंबरेतून निघते, जड, मांड्यांपर्यंत उतरते, आणि वाहायला लागलं की ढिली पडते. जेवण जातं. उलट मला तर या दिवसांत भूक लागते, तिखट खावंसं वाटतं. ती दुसरी बेंबीभोवती पिळा घालते, ओलं लुगडं पिळतात तशी. मग खाली उतरते आणि पाळीच आली असं भासवते. तिच्याबरोबर मळमळ. तोंडाला तांबं चघळल्यासारखी चव. आणि दोन-चारदा परसाकडे जाऊन आलं की सुटते. रक्ताचा टिपूस नाही. इतके महिने मी दोन्हींना एकच समजत होते. सगळेच समजत होते!

मग वही मागे मागे चाळत गेले. भाद्रपदापासूनची पानं. प्रत्येक वेळी आत गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखलं. प्रत्येक वेळी बाहेर बसल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी राहिलं. एकदाही चुकलं नाही. आत असं काय आहे आणि बाहेर काय नाही?

बाहेर मला कोरडी भाकरी, मीठ, तिखट. आंबट या दिवसांत देतच नाहीत. आत भाद्रपदापासून घरात एकच — अंबाडी! आधी पाला, आता बोंडांची कढी. रोज. म्हणजे अंबाडी बाधते मला?

पण मग यांना का नाही बाधत? हे तर दोन-दोन वाट्या ओरपतात. आत्याबाई भुरके मारून पितात. गडीमाणसं खातात. कोणाला काही नाही. फक्त मला आणि छबुबाईला.

डोकं बधिर झालं. पण पोट नाही दुखत, हे खरं. म्हणजे त्या दुसऱ्या रीतीनं नाही दुखत.

कार्तिक वद्य १३

छबुबाईच्या नवऱ्याला, धोंडीरामला, काल मुरडा झाला! लोळला म्हणे जमिनीवर. छबुबाई सांगता सांगता अर्धवट हसत होती. "म्हनला, आगं पोटात पिळतंय, कंबर गेली! म्या म्हनलं, आता तुमीबी बसा बाहेर चार दिस. बाप्याला कुठं पाळी येती मालकीन?"

दोघी हसलो. मग दोघींचं हसू एकदमच थांबलं.

"त्यानं काय खाल्लं गं काल?"

"काय खानार! हितनं उरल्याली कढी नेलती की मडक्यात."

उरलेली. म्हणजे खालची. घरातले पुरुष जेवतात, मग आत्याबाई, मग गडी. शेवटी मी आणि छबुबाई. सकाळी रांधलेलं आमच्या ताटात पडतं तोवर दिवस कलतो. भगुन्याच्या तळाशी असतं ते आमचं.

तळाशी काय आहे?

आता पडवीतून उठून चुलीपाशी जाता येत नाही. अजून एक दिवस! 

कार्तिक अमावास्या

न्हाले, आणि ओल्या केसांनीच आधी ते पितळी भगुनं उचलून अंगणात उन्हात आणलं. स्वयंपाकघरात अंधार, तिथे काय दिसतंय!

बाई गं! वरच्या कडेला पांढरी कल्हई आहे. हात घालून बघितलं तरी वर गुळगुळीत. पण तळ? तळ पिवळाधमक उघडा! आणि तळाच्या कडेनं हिरवी रेघ, बोट फिरवलं तर बोटाला हिरवं लागलं. छबुबाई रोज राख-वाळू घालून तळच घासते ना. कल्हई कधीच उडून गेली.

पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, हे पोरासोरांनाही ठाऊक! म्हणून तर आत कल्हई लावतात. माजलगावचा चांदभाई दर दिवाळीच्या आधी भाता घेऊन यायचा, वाड्या-वस्त्यांची भांडी पांढरी करून जायचा. गेल्या साली मानमोडी आली. घराघरांतली माणसं गेली, तेव्हा कल्हईची आठवण कोणाला! तो आला नाही. यंदाही आला नाही. आणि आम्ही अंबाडी शिजवत राहिलो. त्यात औषध म्हणून मी आंबट ताकही त्याच भगुन्यातलं प्यायले! त्या सुईणीला काय म्हणावं?

भगुनं घेऊन तशीच आत्याबाईंपुढे गेले. हे बघा म्हटलं. हे आहे माझं दुखणं. कूस नाही, हे!

मला वाटलं होतं त्या निदान बघतील. त्यांचं तोंड लालबुंद.

"माझ्या घरातलं भांडं कळकतं म्हनतीस? भिवराबाईच्या घरातलं? जा, वेशीत उभी राहून सांग, पाटलाच्या घरी कळकल्यालं खात्यात म्हनून! आमी न्हाई खात त्यातलंच? आमाला कावून काही हुत न्हाई?"

म्हटलं, तुम्ही वरचं खाता, ताजं. आम्ही खालचं, शिळं.

ऐकून घेतलं नाही. भगुनं हातातून ओढून चुलीपाशी नेऊन आदळलं. "सवत यायची म्हनून ही सगळी नाटकं!"

मी उभीच.  माझ्या बोटाला तो हिरवा डाग तसाच.

मार्गशीर्ष शुद्ध २

भांडण नको. कढी उकळली की आमच्या दोघींची आधीच मडक्यात काढून ठेवते. भगुन्यातलं ताकही बंद.

मार्गशीर्ष शुद्ध ५

पाच दिवस झाले. कळ नाही, ओकारी नाही. छबुबाईलाही नाही. काल तिनं आणखी एक भाकरी मागून घेतली आणि मलाच रडू आलं.

आत्याबाई म्हणतात, गीताबाईच्या ओव्यानं गुण आला. आणि सुपारी दशमीलाच. मला बरं वाटतंय तरी! म्हटलं, आत्याबाई, मी बरी झाले ना आता?

"बघू. किती दिस राहातीस ते."

यांना सांगायला गेले तर हे मोटेचा दोर वळत होते. "हां," म्हणाले. बस.

मार्गशीर्ष शुद्ध ६, चंपाषष्ठी

खंडोबाचा दिवस. सकाळी तळी उचलली, येळकोट झाला, घर माणसांनी भरून गेलं. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, आणि भगुनं भरून कढी. आत्याबाईंचा सहा दिवसांचा उपास आज सुटायचा होता. पण पाव्हणे उठेपर्यंत त्या बसल्या नाहीत. दिवस कलायला आला तेव्हा माझ्याच पंक्तीला बसल्या. पहिल्यांदाच.

मी मडक्यातली कढी त्यांच्या वाटीत वाढायला गेले. भगुन्यातली नका घेऊ म्हटलं, सकाळपासून आहे, आणि उपाशी पोट तुमचं.

चारचौघी बायका बसलेल्या. त्यांच्यासमोर सुनेनं असं म्हणायचं! डोळे वटारून म्हणाल्या, "आन ते भगुनं हिकडं! बघू दे काय हुतंय ते!"

पळी तळापर्यंत घालून स्वतःच्या हातानं वाढून घेतली. दोन वाट्या प्यायल्या. माझ्याकडे बघत बघत.

मार्गशीर्ष शुद्ध ७

काल दिवेलागणीलाच सुरू झालं होतं. आधी आत्याबाई येरझाऱ्या घालत होत्या. मग उंबऱ्यावर बसल्या. मग उंबऱ्यावरच आडव्या झाल्या.

"आगं बया बया! वच्छला! ह्या तर पाळीच्या कळा गं!"

आत्याबाईंची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाली.

त्या बोलल्या आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. छबुबाई मागे परात घासत होती, तिचा हात थांबला.  

खोटं कशाला लिहू, पोटात एकदा हसू उकळून आलं. म्हणावंसं वाटलं, चला आत्याबाई, पडवी रिकामी आहे. पण त्यांचं तोंड पिवळं पडलेलं, उपाशी देह, हात माझ्या मनगटाला घट्ट धरलेला. हसू तिथंच विरलं.

सुईण आली ओवा-ताक घेऊन. तिला दारातूनच परत लावलं! आंबटाचा थेंब द्यायचा नाही. भाताची पातळ पेज, मीठ घालून, चमच्याचमच्यानं. ओकलं तरी थोड्या वेळानं परत एक चमचा. उकळून निवलेलं पाणी. वीट तापवून फडक्यात गुंडाळून पोटाशी. माझ्या पोटावर मी हे सगळं शिकले होते, पडवीत एकटीनं, कोणी सांगणारं नसताना.

आज दुपारी डोळा लागला त्यांचा. उठल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "तुला दर खेपंला असंच हुयाचं?"

"हो."

"आन म्या तुला पडवीत घालत हुते."

 त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, मामंजी गेले तेव्हाही नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ८

काठी टेकत उठल्या आणि यांना हाक मारली. मी दाराआड होते, प्रत्येक शब्द ऐकला.

"उत्तरेश्वरा, गाडी जुप. वडवणीला जा. सांग, सोयरीक मोडली. सुपारीला येऊ नका. माझ्या सुनंला काही झाल्यालं न्हाई, भांड्याला झालतं. आसंच सांग, लाजू नगंस."

यांनी मान हलवली. गाडी जुंपली. गेले!

गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी दारातून बघत राहिले.  जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा!

मार्गशीर्ष शुद्ध ११

आत्याबाईंनी माजलगावला माणूस धाडून कल्हईवाला आणवला. चांदभाई मानमोडीतच गेला म्हणे. हा त्याचा धाकटा भाऊ. अंगणात खड्डा खणला, भाता लावला. भगुन्यात डोकावून त्यानं कपाळावर हात मारला. "अम्मा, इसमें सालन नहीं, जहर पकारे थे तुम लोगां!"

आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "व्हय बाबा. माझं चुकलं."

मी ऐकतच राहिले! भिवराबाई पाटलीण आणि माझं चुकलं! नवसागराचा धूर नाकात गेला म्हणून डोळे पुसले, असं मी छबुबाईला सांगितलं.

हे अजून आले नाहीत. वडवणी एका दिवसाची वाट. माजलगावच्या मोंढ्यात कापसाची चौकशी करायला थांबले असतील, असं आत्याबाई म्हणतात.

मार्गशीर्ष शुद्ध १४

नवं लुगडं नेसायला लावलं आत्याबाईंनी. आणि जेवायला आज आम्ही तिघी एकदमच बसलो, रांधल्या रांधल्या, ताजं ताजं. छबुबाईही. हे आले की सगळं सांगीन यांना, पहिल्यापासून. आता आई म्हणेल तसं म्हणाले तरी चालेल, आई माझ्या बाजूची आहे!

मार्गशीर्ष वद्य १

गाडी आली. आधी हे उतरले. मागून एक मुलगी. कपाळाला मुंडावळ्या, हात हळदीनं पिवळे.

आत्याबाई ओट्यावर होत्या. ओरडल्या, "तुला मोडाया धाडलंतं ना रे मेल्या!"

"तू कशाला मोडतीस? सोयरीक तू कुठं आनलीती? म्याच बोलावलंतं त्या मानसांना."

आत्याबाईंनी तोंडावर पदर घेतला. त्यांना ठाऊक होतं. लेकासाठी त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं.

मग हे माझ्याकडे वळले. पाच वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघून बोलले, अगदी समजुतीनं — "पोट बरं झालं ना तुझं? मंग? दोघी राहाल की सुखानं."

मुलगी उंबऱ्याबाहेर उभी आहे. ओवाळायला आत्याबाई उठत नाहीत. नवरीवरून ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा आणि पाणी आणायला यांनी मला आत पाठवलंय. ते बाजूला ठेवून मी आधी वही उघडली. हे परत हाक मारतायत.